सोलापूरहून मतमाउलीला एका दिवसात जाऊन येता येईल का?

ताई, तुमचा प्रश्न मी समजले तो असा. नातवाच्या आजारपणात सासूबाईंनी मतमाउलीला नवस बोलला होता. नातू बरा झाला, आता त्यांना दर्शनाला न्यायचंय. त्यांचं वय ७२, गुडघे दुखतात आणि तुम्हाला सुट्टी एकाच दिवसाची. सकाळी सोलापूरहून निघून रात्री घरी येता येईल का, यात्रेच्याच दिवशी जावं का, आणि तुम्ही हिंदू असल्यामुळे चर्चमध्ये काय चालतं नि काय नाही, हे तुम्हाला हवंय.

मी सोलापुरातली कॅथलिक. गेली वीस-बावीस वर्षं शेजारच्या, ओळखीच्या, ओळखीतून आलेल्या माणसांना घेऊन माउलीच्या दर्शनाला जाते. कधी रेल्वेनं, कधी ट्रॅव्हलर ठरवून. सोबत येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त हिंदू असतात आणि त्यांतल्या बहुतेकींच्या मनात तुमच्यासारखेच प्रश्न असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं काम आजच करा. सासूबाईंना विचारा, नवस कोणत्या माउलीला बोलला होता? आपल्याकडे दोन ठिकाणांची नावं कानाला सारखीच लागतात. एक अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावची मतमाउली. दुसरी मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवरची मोत माउली, जिला सगळे माउंट मेरी म्हणतात. त्यातला ‘मोत’ हा पोर्तुगीज भाषेतल्या ‘डोंगर’ या अर्थाच्या शब्दावरून आला असं सांगतात, म्हणजे डोंगरावरची माउली. दोन्हीकडे आई एकच, येशूची आई मारिया. पण एक ठिकाण उसाच्या पट्ट्यातल्या गावात आणि दुसरं समुद्राच्या काठावर, त्यामुळे प्रवासाचा हिशेब साफ बदलतो. एका आजींना आम्ही हरेगावला घेऊन गेलो आणि तिथे पोचल्यावर त्या म्हणाल्या, “इथं समुद्र नाही का?” तेव्हापासून मी आधी हेच विचारते. त्यांना नाव आठवत नसेल तर विचारा, हे कुणाकडून ऐकलं होतं? नगरकडच्या पाहुण्यांकडून ऐकलं असेल तर हरेगाव, मुंबईच्या नातेवाइकांकडून असेल तर वांद्रे, असं बहुतेक वेळा निघतं.

आता एका दिवसाचं. आपल्या सोलापूरकरांना एक सवय लागलेली आहे. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, अक्कलकोट चाळीसच्या आसपास, पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर. सकाळी आंघोळ करून निघायचं, दर्शन घ्यायचं, संध्याकाळी घरी. देवाला जाणं म्हणजे एवढंच अंतर हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मतमाउलीला ते माप लावलं की गडबड होते.

हरेगावचं अंतर बघा. मोहोळ, टेंभुर्णी, करमाळा, मिरजगाव करत नगर गाठायचं, तिथून राहुरीकडून श्रीरामपूर आणि मग हरेगाव. एका बाजूचं अंतर तीनशे किलोमीटरच्या घरात जातं. गाडी स्वतःची असली, चालवणारा चांगला असला, तरी वाटेत दोनदा थांबून सहा-सात तास लागतात. नगरच्या पुढचा नगर-मनमाड रस्ता शिर्डीच्या गाड्यांनी कायम भरलेला असतो आणि दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर पुढे असतात. म्हणजे जाऊन-येऊन बारा-चौदा तास गाडीत. पहाटे चारला निघून रात्री अकराला घरी येणं धडधाकट माणसाला जमतं. दुखऱ्या गुडघ्याच्या बाईला एवढा वेळ पाय दुमडून बसवायचं आणि मग म्हणायचं, “आता दर्शन घ्या”, हे मला पटत नाही.

रेल्वेनं जाता येतं, पण एका दिवसात वेळ जुळवणं कठीण. श्रीरामपूरच्या स्टेशनाचं नाव बेलापूर आहे. दौंड-मनमाड मार्गावरचं. तिकीट काढताना नवी मुंबईच्या बेलापूरशी गोंधळ होऊ देऊ नका. दौंडला गाडी बदलणार असाल तर आणखी एक बघा. सोलापूरकडून मनमाडकडे जाणाऱ्या काही गाड्या दौंडच्या मुख्य स्टेशनात न जाता दौंड कॉर्ड लाईनच्या वेगळ्या स्टेशनावर थांबतात. तिकिटावर कोणतं नाव आहे ते वाचूनच निघा.

यात्रेच्या दिवशी जावं का, या प्रश्नाला मी मुद्दाम जास्त वेळ देते, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे. मारियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबर. त्याआधी ३० ऑगस्टपासून नऊ दिवस नोव्हेना चालते. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. हरेगावची यात्रा ८ सप्टेंबरच्या आसपासच्या शनिवार-रविवारी भरते. महाराष्ट्रभरातून माणूस लोटतो. पायी दिंड्या येतात, मंडपात मराठीतून मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली मुख्य उपासना, होते, बाहेर पाळणे, खेळण्यांची दुकानं, भेळ, सगळं आपल्या गड्ड्याच्या जत्रेसारखं. ज्याला तो माहोल अनुभवायचाय त्यानं जरूर जावं. मी स्वतः तरुणपणी दरवर्षी जायची आणि ती माणसं, ती गाणी, उघड्यावर काढलेली रात्र, यांतून मला जे मिळालं ते चार भिंतींत मिळालं नसतं.

पण एका वर्षी मी एक चूक केली. आमच्या गल्लीतल्या एक मावशी, सत्तरी ओलांडलेल्या, यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या. लेकीच्या बाळंतपणाचा नवस होता. मी त्यांना यात्रेच्या रविवारी नेलं. पहाटे पाचला निघालो, दुपारी एकला पोचलो. गाड्या लांब अडवलेल्या, रात्री पाऊस झालेला. चिखलातून मावशींना दोघींनी धरून चालवत नेलं. रांग लागलेली, मागून रेटा. माउलीसमोर आम्ही फार तर मिनिटभर उभ्या राहिलो असू. परतीचा पल्ला मोठा म्हणून तीनला निघालोही. करमाळ्याजवळ अंधारात मावशी म्हणाल्या, “दर्शन झालं गं, पण बोलणं राहिलं.”

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्या मिनिटभर बघायला आल्याच नव्हत्या. ज्या रात्री लेक दवाखान्यात होती त्या रात्री जे बोलल्या होत्या, त्याचं पुढचं बोलायला आल्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात, साध्या दिवशी, मी त्यांना पुन्हा नेलं. आदल्या संध्याकाळी नगरला मुक्काम केला, सकाळी नऊला हरेगावात पोचलो. चर्चमध्ये पाच-सहा माणसं. मावशी पुढच्या बाकावर बसल्या त्या दीड तास उठल्या नाहीत. मध्येच रडल्या, मध्येच हसल्या. मी लांब बसून होते.

म्हणून माझा सल्ला असा की नवस फेडायला आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊन जायचं असेल तर यात्रेचा शनिवार-रविवार टाळा. सासूबाईंना वातावरण हवंच असेल तर नोव्हेनाच्या नऊ दिवसांतला एखादा मधला वार निवडा आणि सकाळी लवकर पोचा. प्रार्थना ऐकायला मिळते आणि बसायलाही. मिस्साच्या वेळा ऋतूनुसार, सणानुसार बदलतात. आपल्या इथल्या चर्चमधल्या फादरांना सांगितलं तर ते तिथे विचारून देतात. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं आणि हरेगाव नाशिक धर्मप्रांतात, पण त्यानं काही अडत नाही, फादर लोक एकमेकांना ओळखून असतात.

आणि हरेगावला जाताय म्हणून शिर्डी आणि शनिशिंगणापूर त्याच दिवसात बसवू नका. जवळ आहेत हे खरं, पण मग तिन्हीकडे रांगा आणि घड्याळच बघत राहाल. मुक्कामाला शिर्डी सोयीची पडते, खोल्या भरपूर. पण दर्शनाचा दिवस एकाच ठिकाणासाठी ठेवा.

आता नवस वांद्र्याचा असेल तर. ऐकायला विचित्र वाटेल, मुंबई हरेगावहून दीडपट लांब, तरीही एक दिवसाची सुट्टी असलेल्या सोलापूरकराला वांद्रेच सोपं पडतं. कारण आपली सिद्धेश्वर एक्स्प्रेस. रात्री साडेदहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि पहाटे दादरला पोचवते. रात्र झोपेत गेली की दिवस अख्खा हातात राहतो. वेळापत्रक अधूनमधून बदलतं, तिकीट काढताना नेमकी वेळ बघून घ्या.

काही जण विचारतात, वंदे भारतनं सकाळी गेलो तर? सोलापूर-मुंबई वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली आणि आपल्यासाठी मोठीच सोय झाली. पण तीच गाडी दोन्ही वेळा धरली तर सकाळी सहाला निघून दुपारी बाराच्या पुढे दादर आणि चारच्या सुमारास परतीची गाडी. मधल्या साडेतीन-चार तासांत दादर ते वांद्रे, चर्च, जेवण, परत दादर. एखादी टॅक्सी अडकली की गाडी चुकण्याची धास्ती. म्हणजे पुन्हा तेच, बोलणं राहणार.

मी हल्ली करते ते असं. जाताना रात्रीची सिद्धेश्वर, येताना दुपारची वंदे भारत. शुक्रवारी रात्री घर सोडायचं, शनिवारी रात्री अकराच्या आत सोलापूर स्टेशन, रविवार विश्रांतीला. वंदे भारत आठवड्यातले सहाच दिवस धावते, तेव्हा वार आधी तपासा. तिच्यात साडेसहा तास बसून यायचं असतं. सासूबाईंचे पाय सुजत असतील तर परतीलाही सिद्धेश्वरच घ्या. मात्र मग दिवसभर टेकायला एखाद्या नातेवाइकाचं घर हवं, नाहीतर संध्याकाळपर्यंत माणूस गळून जातं. हे तुमच्या सासूबाईंच्या तब्येतीवर आहे. लांबून मी ठरवू शकत नाही.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी करा. ४५ वर्षांवरच्या बायकांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण तिकिटावर माणसं जास्त असली की तो मिळत नाही. घरातले सहा जण जाणार असाल तरी सासूबाईंचं आणि सोबत फार तर ४५ वर्षांवरच्याच आणखी एकीचं तिकीट वेगळं काढा. वरचा बर्थ मिळाला आणि रात्री अकरा वाजता डब्यात बदलून मागत फिरलो, असं व्हायला नको. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरून हिशेब करू नका.

दादरला उतरल्यावर लोकल धरायच्या भानगडीत पडू नका. मध्य रेल्वेकडून पश्चिम रेल्वेकडे जायचा पूल, त्याचे जिने, सकाळची गर्दी. गुडघ्यांची परीक्षा तिथेच होते. वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन, चहा घेऊन सरळ टॅक्सी करा. सकाळी सात वाजता अर्ध्या तासात चर्चच्या दारात उतरवते, टेकडी चढावी लागत नाही. वाटेत माहीमची खाडी ओलांडाल तेव्हा सासूबाईंना सांगा, हा रस्ता १८४५ मध्ये लेडी जमशेटजी या पारशी बाईंनी दिलेल्या पैशातून झाला. त्याआधी लोक होडीनं पलीकडे जायचे. मी प्रत्येक वेळी सांगते. एका बाईनं दुसऱ्या बायकांची वाट सोपी केली, हे मला फार आवडतं.

वांद्र्याचं आताचं चर्च १९०४ चं आहे आणि १९५४ मध्ये त्याला बॅसिलिकेचा, म्हणजे पोपकडून मिळणारा खास चर्चचा, मान मिळाला. पण माउली तिथे त्याहून कितीतरी जुनी. सोळाव्या शतकात जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी टेकडीवर पहिलं छोटं प्रार्थनास्थळ उभारलं. मूर्ती समुद्रात कोळ्यांना सापडली अशी कथा कोळीवाड्यांत अजून सांगतात आणि कोळी बायका आजही नटूनथटून, फुलं घेऊन येतात. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून तिथे आठवडाभर जत्रा असते. त्या आठवड्यात वाहनं खालीच अडवतात. तेव्हा तुम्ही तोही आठवडा टाळा. चर्चसमोर रस्त्यापलीकडे पायऱ्या चढून फातिमा मातेचं ठिकाण आहे, हेही मारियेचंच एक नाव. गुडघे दुखत असतील तर ते खालूनच हात जोडून सोडून द्या. त्यानं काही कमी होत नाही.

बुधवार पडला तर माहीमचं सेंट मायकल चर्चही वाटेतच आहे. तिथे १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालते आणि सगळ्या धर्मांची माणसं येतात. नऊ बुधवार धरणारे पुष्कळ. पण त्या दिवशी रांग मोठी असते. सासूबाईंना मनापासून इच्छा असेल तरच.

आतापर्यंतचं थोडक्यात: हरेगाव असेल तर आदल्या दिवशी नगर किंवा शिर्डीला मुक्काम, सकाळी दर्शन, रात्री घरी. वांद्रे असेल तर रात्रीच्या गाडीनं जाऊन दुसऱ्या दिवशी परत. दोन्हीकडे साधा दिवस. सुट्टी दोन्ही वेळा एकाच दिवसाची लागते, फक्त आदली संध्याकाळ मोकळी काढा.

चर्चमध्ये काय करायचं? आत यायला कुणालाही मनाई नाही, मी आजवर कुणाला अडवलेलं बघितलं नाही. चपला बाहेर काढायची सक्ती नसते, पण आपले लोक काढतात, चालतं. साडी नेसा, ड्रेस घाला, अंग झाकलेलं असावं एवढंच. डोक्यावर पदर घेतला तरी छान, नाही घेतला तरी हरकत नाही. नारळ फोडणं, हळदकुंकू वाहणं तिथे होत नाही. फुलं, हार आणि मेणबत्ती चालते. मेणबत्त्या आत वेदीपाशी लावायच्या नसतात, त्यांची जागा वेगळी असते, तिथे लावा. वांद्र्याला बाहेरच्या दुकानांत मेणाच्या आकृती मिळतात: हात, पाय, घर, बाळ. ज्यासाठी नवस, त्याची आकृती वाहतात. नातवासाठी म्हणून बाळाची आकृती मागा, दुकानदाराला कळतं. फार मोठी, महागडी घ्यायची गरज नाही. बायका घासाघीस करत मोठीच घेतात, मला ते बघून वाईट वाटतं.

मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर बसा. लोक उभे राहतील तेव्हा उभे राहा, गुडघे टेकतील तेव्हा तुम्ही बसून राहिलात तरी चालतं. सासूबाईंनी तर टेकूच नयेत. शेवटी-शेवटी लोक रांगेनं पुढे जाऊन फादरांकडून कम्युनियन घेतात. पांढरी, पातळ, गोल चकती असते. तिला प्रसाद समजून रांगेत जाऊ नका. तो आमच्या श्रद्धेतला सर्वात पवित्र भाग आहे आणि बाप्तिस्मा झालेल्या, तयारी केलेल्या कॅथलिकांसाठीच असतो. तुम्ही बाकावर बसून मनात प्रार्थना करा. मिस्सा संपल्यावर फादर भेटले तर नातवाचं नाव सांगून आशीर्वाद मागा, ते आनंदानं देतात. नातवाला सोबत नेता आलं तर फारच उत्तम. ज्याच्यासाठी नवस बोलला ते पोर समोर उभं असलं की आजीचं निम्मं बोलणं तिथेच होतं.

एक गोष्ट काही जणींना लागते, म्हणून आधीच सांगते. फादर तुम्हाला म्हणतील की देवाशी सौदा करायचा नसतो, आभार मानायचे असतात. यात सासूबाईंचा नवस चुकीचा असं त्यांना म्हणायचं नसतं. नवस राहून गेला तर माउली कोपेल ही भीती त्यांना घालवायची असते. आमच्या श्रद्धेत मारिया ही आपल्यासाठी तिच्या लेकाकडे शब्द टाकणारी आई आहे. ती कोपत नाही. तब्येतीमुळे यंदा जमलं नाही तर सोलापुरातल्याच चर्चमध्ये तिच्या मूर्तीसमोर बसून सासूबाईंनी सांगावं, पुढच्या वर्षी येते. मी बऱ्याच जणींना असं बसवलंय आणि त्या हलक्या होऊन घरी गेल्यात.

सोबत खायला आपली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी घ्या, दोन दिवस टिकते आणि प्रवासात पोटाला त्रास देत नाही. सासूबाईंच्या गोळ्या एका डबीत, गुडघ्याचा पट्टा, एक घडीची काठी, पाण्याची बाटली. एक छोटी उशी घ्या, चर्चमधले बाक लाकडी असतात.

आणि तिथे पोचलात की त्यांना पुढच्या बाकावर नीट बसवा, बाटली हाताशी ठेवा, मोबाईल तुमच्याकडे घ्या. मग मेणबत्त्या आणायला म्हणून तुम्ही बाहेर जा. अर्धा तास तरी परत आत येऊ नका.